सिल्कसाँगची साडेसहा वर्षं

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आलेली. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले आणि त्याच क्षणी जगभरात ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा व्हिडिओ गेम विक्रीला खुला झाला. पुढच्या काही मिनिटांत ‘स्टीम’ हे कॉम्प्युटर गेम्सचं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान अडखळू लागलं. निन्टेन्डो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या दुकानांचीही तीच गत झाली. पैसे भरायला तयार असलेल्या माणसांना गेम विकत घेता येईना. गाडी रुळावर आली तेव्हा एकट्या स्टीमवर एकाच वेळी पाच लाखांहून अधिक जण तो खेळत होते.

हा गेम कुठल्या बलाढ्य कंपनीचा नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात ‘टीम चेरी’ नावाचा चिमुकला स्टुडिओ आहे. ॲरी गिब्सन, विल्यम पेलन आणि जॅक व्हाइन ही तीन माणसं त्याच्या केंद्रस्थानी, आणि संगीताला ख्रिस्तोफर लार्किन. हाताने काढलेली द्विमितीय चित्रं, किड्यांची दुनिया, हातात सुई घेतलेली एक नायिका. जाहिरातींचा मारा नाही. विक्रीची तारीख जगाला कळली तीही जेमतेम दोन आठवडे आधी. तरी इतकी माणसं दारात उभी होती, कारण ती २०१९ पासून वाट पाहत होती. आज लोक कोणता गेम खेळतात, कशाची वाट बघतात आणि मित्राला काय सुचवतात हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते या एका गेमची गोष्ट नीट पाहावी. ही तिन्ही कामं इथे एकमेकांत मिसळलेली आहेत.

सुरुवात २०१३ सालची. ठरावीक तासांत नवा गेम बनवण्याची ‘लुडम डेअर’ नावाची स्पर्धा असते. त्या वर्षी ऑगस्टमधल्या फेरीचा विषय होता ‘१० सेकंद’. गिब्सन आणि पेलन यांनी तिच्यासाठी ‘हंग्री नाइट’ नावाचा छोटासा खेळ केला. पांढऱ्या मुखवट्याचा, दोन शिंगांचा तो इवलासा शिलेदार पुढे ‘हॉलो नाइट’चा नायक झाला. २०१४ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. मागितले होते ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. २,१५८ लोकांनी मिळून ५७ हजारांच्या वर दिले. आजच्या मोठ्या गेम्सचा खर्च कोट्यवधी डॉलरमध्ये असतो, त्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ. २४ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘हॉलो नाइट’ कॉम्प्युटरवर आला.

तो खेळायचा कसा? या प्रकारच्या खेळांना ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणतात. निन्टेन्डोचा १९८६ चा ‘मेट्रॉइड’ आणि १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ हे या घराण्याचे मूळपुरुष. यात एकामागून एक सुटी लेव्हल नसते. सगळं जग एकसंध, पण त्यातल्या निम्म्या वाटा सुरुवातीला बंद. एखादा कठडा उंचावर दिसतो, उडी पोचत नाही. म्हणून तो सोडून पुढे जायचं. कित्येक तासांनी भिंतीला धरून वर चढण्याची विद्या हाती येते, आणि त्या क्षणी आधी सोडून दिलेल्या दहा जागा एकदम आठवतात. मागे वळायचं ते आता त्या उघडण्यासाठी.

‘हॉलो नाइट’ने यात आपला एक स्वभाव मिसळला: काहीही आयतं द्यायचं नाही. नकाशाचंच घ्या. बहुतेक गेम्समध्ये तो पडद्याच्या कोपऱ्यात कायम असतो. इथे नव्या प्रदेशात तुम्ही नकाशाशिवाय उतरता. चाचपडत जाताना कुठेतरी जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात, कुणाच्या तरी गुणगुणण्याचा आवाज येतो. तिकडे गेलं की कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा किडा भेटतो. त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा, तोही अर्धवट. उरलेला भाग तुम्ही पायाखाली घालायचा. तो नकाशावर उमटतो ते जवळ लेखणी असेल तर, आणि तेही बाकावर विसावल्यानंतर. आपण स्वतः नकाशावर नेमके कुठे आहोत हे दिसायला होकायंत्राचा ताईत धारण करावा लागतो. ताईत बांधायच्या जागा मोजक्याच, त्यामुळे दिशा हवी की लढाईतली ताकद, हा सवाल सतत समोर असतो. सुरुवातीला चिडचिड होते. पण याच चाचपडण्यामुळे प्रत्येक वळण लक्षात राहतं. दहा वर्षांपूर्वी राहिलेल्या गावातल्या गल्ल्या आठवाव्यात, तसा या भूमिगत राज्याचा भूगोल खेळणाऱ्यांना पाठ असतो.

कथेचंही तेच. हॅलोनेस्ट हे मोडून पडलेलं राज्य. ते का कोसळलं हे कुणी बसून सांगत नाही. शिलालेखातली एखादी ओळ, एखाद्या म्हाताऱ्या किड्याचं पुटपुटणं, भिंतीवरचं चिन्ह, एवढ्यावर सगळं जुळवायचं. या राज्याची राजधानी जमिनीखाली आहे, आणि तिथे अखंड पाऊस पडतो. जमिनीच्या पोटात पाऊस कुठला? उत्तर कुणी हातात ठेवत नाही. बऱ्याच काळाने, भलत्याच वाटेने भटकताना एक विस्तीर्ण निळं तळं लागतं. नकाशा उघडून पाहावं, तर ते बरोबर त्या शहराच्या वर. तेव्हा डोक्यात जो लख्ख प्रकाश पडतो तो कुठल्याही संवादाने पडला नसता. या गेममधली माझी सर्वांत आवडती जागा हीच.

असा गेम पसरतो कसा? तोंडी. २०१८ च्या जूनमध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. दरम्यान टीम चेरीने चार मोठ्या भरी घातल्या, सगळ्या फुकट. ज्याने एकदा पैसे दिले त्याच्याकडे पुन्हा मागायचे नाहीत, ही त्यांची रीत लोकांच्या ध्यानात राहिली. शिवाय हा गेम साध्या लॅपटॉपवरही चालतो, सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या आणि महागडं ग्राफिक्स कार्ड न परवडणाऱ्या मुलांमध्ये तो हातोहात पसरला, त्याचं मोठं कारण हे. शिफारस करण्याची पद्धतही ठरून गेली आहे. पहिले काही तास तग धर, भिंत चढता येईपर्यंत सोडू नकोस, अडलास तर दुसऱ्या वाटेने जा, आणि यूट्यूबवर उत्तर बघू नकोस. सुचवणारा माणूस गेमबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला मित्राचा शोध हिरावून घ्यायचा नसतो. स्वतः गप्प राहून दुसऱ्याला आनंद मिळू देणं, हे या शिफारशीतलं औदार्य मला फार मोलाचं वाटतं.

आता वाट पाहण्याकडे येऊ. ‘हॉलो नाइट’मध्ये हॉर्नेट नावाची चपळ योद्धी आहे. किकस्टार्टरच्या वेळी वचन दिलं होतं की पुढे तिच्या भूमिकेतूनही खेळता येईल. ते काम करता करता इतकं वाढलं की जोडपुरवणीचा स्वतंत्र गेम झाला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘सिल्कसाँग’ची घोषणा झाली. त्याच वर्षी निन्टेन्डोने त्याचा काही भाग खेळून दाखवला. मग हळूहळू शांतता पसरली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात नवं दृश्य झळकलं. तिथले गेम्स पुढच्या १२ महिन्यांत येतील असं सांगण्यात आलं. मे २०२३ मध्ये निरोप आला की अजून वेळ लागेल. त्यानंतर जवळपास दोन वर्षं पुन्हा मौन.

या मौनात खेळाडूंनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. निन्टेन्डोचा कुठलाही कार्यक्रम जाहीर झाला की ‘या वेळी नक्की’ म्हणून मंडळी जागत बसायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच चेहऱ्यावर विदूषकाचा रंग चढवलेली चित्रं एकमेकांना पाठवायची. यूट्यूबवर एक चॅनेल रोज व्हिडिओ टाकून ‘आज सिल्कसाँगची काही बातमी नाही’ हीच बातमी देत होतं. जुन्या ट्रेलरमधली एकेक चौकट थांबवून लोक तिच्यातल्या दारांचा आणि घंटांचा अर्थ लावत होते. स्टीमवर ‘हवा असलेला’ म्हणून नोंदवलेल्या गेम्सच्या यादीत तो सर्वांत वर जाऊन बसला. ज्या खेळाने त्यांना कपट्यांवरून नकाशा जुळवायला शिकवलं, त्याच्याच पुढच्या भागाबद्दल ते कपट्यांवरून तर्क जुळवत होते. निर्मात्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून वाट पाहणं हाच खेळ झाला.

या काळात आणखी एक गोष्ट घडली. फेब्रुवारी २०१९ पर्यंत ‘हॉलो नाइट’च्या सुमारे २८ लाख प्रती खपल्या होत्या. ऑगस्ट २०२५ पर्यंत हा आकडा दीड कोटीवर गेला. म्हणजे बहुतांश विक्री नव्या भागाची वाट पाहण्याच्या वर्षांत झाली. ‘हे सगळे कशासाठी एवढे झुरतायत?’ या कुतूहलाने नवी माणसं पहिल्या गेमकडे आली आणि तीही रांगेत उभी राहिली. रांग पाहून रांग वाढत गेली.

विलंबाचं कारण काय होतं? भांडणं, पैशांची चणचण, हाताबाहेर गेलेलं काम, अशा अनेक वावड्या उठल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्लूमबर्गला दिलेल्या मुलाखतीत गिब्सन आणि पेलन यांनी सांगितलेलं कारण साधं होतं: काम करताना मजा येत होती. पहिल्या गेमच्या विक्रीने पैशांची विवंचना उरली नव्हती आणि गाडा हाकणारा मालक डोक्यावर नव्हता. गिब्सन म्हणाले की एका टप्प्यावर त्यांना नवी रेखाटनं करणंच थांबवावं लागलं, कारण काढलेलं प्रत्येक चित्र गेममध्ये जाऊ पाहत होतं. आणि गप्प का राहिलात? तर ‘अजून काम चालू आहे’ याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तेच ऐकवून लोकांना वैताग आणायचा नव्हता.

हे मौन किती शहाणपणाचं होतं ते दुसऱ्या टोकाची उदाहरणं पाहिली की पटतं. इंग्लंडमधल्या ‘हेलो गेम्स’चा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, त्याआधी त्याच्याबद्दल इतकं बोललं गेलं होतं की प्रत्यक्ष गेममध्ये त्यातलं बरंच सापडेना. दोन खेळाडूंनी एकमेकांना भेटणंसुद्धा शक्य होत नव्हतं. पोलंडच्या ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२ सालची. २०२० मध्ये तीनदा तारीख पुढे गेली. अखेर १० डिसेंबरला तो विक्रीला आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका कोलमडत होता की आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. परत आला जून २०२१ मध्ये. दोन्ही स्टुडिओंनी पुढे कित्येक वर्षं राबून आपापले गेम सावरले, आणि आज ते दोन्ही मनापासून सुचवावेत असे झाले आहेत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आधी दिलेल्या शब्दांचं ओझं किती असतं ते त्यांनी भोगलं. टीम चेरीने फार शब्दच दिले नव्हते.

२१ ऑगस्ट २०२५ ला तारीख कळली आणि इतर छोट्या स्टुडिओंची धांदल उडाली. ३ सप्टेंबरला येणारा ‘डेमनस्कूल’ थेट नोव्हेंबरवर ढकलला गेला. आणखी कितीतरी जणांनी आपल्या तारखा बदलल्या. ‘सिल्कसाँग’ची किंमत ठेवली होती २० डॉलर. मोठ्या कंपन्या ७० आणि ८० डॉलर मागत असताना ही किंमत पाहून लोक चकित झाले. समीक्षकांना आगाऊ प्रतीही दिल्या नाहीत. वर्गणी देणाऱ्या लोकांआधी समीक्षकांनी गेम खेळावा हे योग्य वाटत नाही, असं टीम चेरीचं म्हणणं. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी सगळे एकाच रेषेवर होते. कुणालाच पुढचं माहीत नव्हतं, आणि इंटरनेटच्या जमान्यात असा योग फार क्वचित येतो.

आणि गेम? पहिल्या भागात आपण खोल उतरत जातो, इथे फारलूम नावाच्या राज्यात वर, शिखरावरच्या दुर्गाकडे चढत जातो. तिथे यात्रेकरूंचे जथे निघालेले असतात. शेर्मा नावाचा एक भाबडा यात्रेकरू बंद दारासमोर बसून गात असतो, की आपल्या गाण्याने दार उघडेल. त्याला पुन्हा पुन्हा भेटावंसं वाटतं. हॉर्नेट पहिल्या नायकासारखी मुकी नाही. ती बोलते, ठाम मतं मांडते. ती चपळ आहे, तिची झेप तिरकी पडते, आणि पहिल्या गेमची सवय असलेल्या बोटांना हे नव्याने शिकावं लागतं.

खरा वाद पेटला तो अवघडपणावरून. सुरुवातीला हॉर्नेटकडे पाच मुखवटे म्हणजे पाच प्राण असतात, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन उडवतात. काही बाकांवर बसायलाही पैसे मोजावे लागतात. बॉसशी, म्हणजे बड्या शत्रूशी, लढताना मेलात, की पुन्हा त्याच्यापर्यंत पोचण्याची खडतर वाट पहिल्यापासून. अनेकांना ही शिक्षा वाटली. विक्रीनंतर काही दिवसांतच स्टुडिओने सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले आणि काही किमती उतरवल्या. चिनी खेळाडूंची तक्रार वेगळी होती. भाषांतर नको इतकं अवजड आणि पुराणं झालं होतं, त्यामुळे त्यांचे अभिप्राय कमालीचे खाली गेले. स्टुडिओने ते सुधारण्याचं कबूल केलं. मोजक्या शब्दांत गोष्ट सांगणाऱ्या खेळात प्रत्येक शब्दावर किती भार असतो ते यावरून दिसतं.

मला वाटतं, अवघडपणावर टीका करणाऱ्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. बॉसकडे परत जाण्याच्या काही वाटा विनाकारण लांब आहेत, त्यातून नवीन काही शिकायला मिळत नाही. पण दोन प्राण घेणाऱ्या फटक्यामागे विचार आहे. हॉर्नेट एका दमात तीन प्राण परत मिळवू शकते. धोका मोठा आणि सावरण्याची ताकदही मोठी, त्यामुळे लढाईचा ताल पहिल्या गेमपेक्षा वेगवान होतो. तो ताल अंगात भिनला की हाच गेम अन्यायी वाटेनासा होतो. फक्त तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि नोकरीवरून थकून येणाऱ्या प्रत्येकाकडे तो वेळ असेलच असं नाही.

म्हणून शिफारस करताना माणूस पाहावा. ज्याला लढाईपेक्षा गोष्ट हवी त्याला फ्रान्सच्या माँपेलिए शहरात तयार झालेला ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ सुचवावा; एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या गेमने वर्षअखेरीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळवला. त्यात आळीपाळीने वार करायचे असतात, त्यामुळे विचार करायला उसंत मिळते, आणि सोपी पातळीही निवडता येते. ज्याच्याकडे रोज अर्धा तासच आहे त्याला पत्त्यांचा ‘बलात्रो’ द्यावा, अर्धा तास पुरणार नाही हेही सांगावं. आणि निवांतपणा हवा असेल तर ‘स्टार्ड्यू व्हॅली’. एरिक बरोन या एका माणसाने साडेचार वर्षं एकट्याने चित्रं, संगीत, संहिता सगळं करून २०१६ मध्ये तो आणला, आणि आजही नवे लोक तिथे शेती करायला येतात.

यात आपल्या पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातल्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला. राजस्थानी वास्तुकलेतून उभे केलेले महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, भावाला शोधत निघालेली एक मुलगी. त्यांनाही किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहावी लागली, पण उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. तरी त्यांनी गेम पूर्ण केला आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. ॲडलेडच्या त्रिकुटाला मिळालेले ते दोन हजार लोक किती निर्णायक होते, ते राजीची वाट पाहिली की कळतं. छोट्या स्टुडिओला सुरुवातीला लाखो ग्राहक लागत नाहीत. त्याच्या कच्च्या कामात काहीतरी दिसलेली थोडी माणसं लागतात. राजी चार-पाच तासांत संपतो, लढाई मधूनमधून अडखळते, पण तो खेळावा आणि इतरांना सांगावा असं मी आग्रहाने म्हणेन.

सध्या सर्वांत मोठी वाट पाहिली जातेय ती ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची. पाचवा भाग २०१३ चा. त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. आधी २०२५, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्मात्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली. तिथेही चाहते ट्रेलरमधला एकेक रस्ता मोजून नकाशे काढत बसले आहेत. टीम चेरीने ‘सिल्कसाँग’साठी ‘सी ऑफ सॉरो’ ही समुद्रावरची भर जाहीर केली आहे, नेहमीप्रमाणे फुकट.

तोवर कुणाला या दुनियेत नव्याने उतरायचं असेल, तर ‘सिल्कसाँग’चा कितीही गाजावाजा ऐकला असला तरी आधी ‘हॉलो नाइट’ घ्यावा. सेल लागेपर्यंत थांबलात तरी चालेल. कंट्रोलर असेल तर जोडावा, हेडफोन लावावा, लार्किनचं संगीत मोबाइलच्या स्पीकरवर वाया जातं. पैसे थोडे साठले की आधी लेखणी आणि होकायंत्र विकत घ्यावं, आणि ज्या वाटेवर सात-आठ वेळा मेलात ती सोडून दुसरी धरावी. ती पहिली वाट तिथेच असते, आणि परत याल तेव्हा तुमच्याकडे बहुधा तिला लागणारी विद्या आलेली असते.